सदाहिरव्या एमरिसचं छप्पर

नेस्टा प्रिचर्डच्या घरात चहाच्या पत्तीला तीन जन्म होते. पहिला चहा, दुसरा पांचट चहा, आणि मग ती ओली पत्ती सतरंजीवर पसरून झाडून काढायची, म्हणजे धूळ उडत नाही. तेवढ्यावरही सुटका नव्हती. धुळीसकट ती गुलाबाच्या मुळाशी जायची. म्हणजे चार झाले.

अशा बाईला तिच्या सावत्र मुलाने टाइप केलेल्या पत्रातून कळवलं की ती नासाडी करते.

पत्र १९६४च्या मे महिन्यात आलं. वेंडल प्रिचर्ड ऑल्बनीला विम्याच्या कचेरीत होता. जेवायला बसला तर ‘उपरोक्त बटाटे इकडे सरकवा’ म्हणेल असा माणूस. पत्रही तसंच होतं. “आपण सदर मिळकतीच्या केवळ हयातीपुरत्या धारक आहात. माझ्या दिवंगत वडिलांच्या मृत्युपत्रानुसार आपल्या पश्चात घर व जमीन माझ्याकडे येणार असल्याने ती आहे त्या स्थितीत राखणे आपणांवर बंधनकारक आहे. तथापि सदर जमिनीवरील, माझ्या वडिलांनी कधीही हात न लावलेल्या बंद खाणीतून आपण दगड काढत असल्याचे मी ईस्टरच्या दिवशी स्वतः पाहिले. कायद्यात यास नासाडी म्हणतात. आपण न थांबल्यास मला न्यायालयाकडे ताबा मागावा लागेल.” खाली सही. आणि सहीखाली, जणू वरचं सगळं दुसऱ्याच कुणी लिहिलंय, पेनाने बारीक अक्षरात: “तब्येतीची काळजी घ्या.”

नेस्टाने ते उभ्यानेच तीनदा वाचलं आणि किटलीला म्हणाली, “घे. ऐक. मी नासाडी करते.”

किटली शिट्टी वाजवायला लागली, तेव्हा तिने तिच्यावरही डोळे वटारले.

राग नुसत्या शब्दाचा नव्हता. हे खोरं न्यूयॉर्क आणि व्हरमाँटच्या हद्दीवरचं, पाटीच्या दगडाचं. वेल्समधून आलेल्या लोकांनी इथे तीन-चार पिढ्या खाणी खणल्या आणि त्या दगडाच्या पातळ पाट्या काढून अर्ध्या देशाची छपरं शाकारली. शंभर गाड्या दगड काढला की जेमतेम पंधरा गाड्यांच्या पाट्या व्हायच्या, बाकीचा सगळा ढिगाऱ्यावर. घरामागे ढीग, चॅपलमागे ढीग, कबरस्तानाच्या कुंपणाला टेकलेला ढीग. एवढे डोंगर रचले कंपन्यांनी, त्यांना कुणी कधी पत्र पाठवलं नाही. आणि नेस्टाने मार्चपासून काढला किती दगड? एक चिरा. जेवणाच्या टेबलाएवढा.

तोही कशासाठी, तर वेंडलच्याच दुसऱ्या पत्रापायी.

पहिलं पत्र पडवीबद्दल होतं. मागची पडवी कुजून खाली बसली होती. नेस्टाने ती पाडून तिथे काचेच्या खिडक्यांची छान पडवी बांधून घेतली. जुन्या खिडक्या चॅपलच्या दुरुस्तीतून आलेल्या, फुकट. हिवाळ्यात तिथे ऊन यायचं. वेंडलने लिहिलं, मूळ बांधकामात परवानगीविना बदल, नासाडी. बरं. म्हणून तिने पुढे कशालाच हात लावला नाही. मग स्वयंपाकघराचं छप्पर गळायला लागलं, आणि ती परवानगीची वाट बघत खाली बादली ठेवून बसली. तर दुसरं पत्र आलं: दुरुस्तीकडे दुर्लक्ष, नासाडी. म्हणून तिने दुरुस्ती काढली. पाट्या लागणार होत्या, घराच्याच मागे पाटीच्या दगडाची खाण होती, पाण्याने भरलेली, पण काठाचा दगड कोरडा. आता तिसरं पत्र.

“हा माणूस,” ती किटलीला म्हणाली, “मला उभी राहू देत नाही, बसू देत नाही आणि आडवीही पडू देत नाही.”

नेस्टा इथलीच. बाप खाणकामगार, ती बारा वर्षांची असताना खाणीत उतरायचा दोराचा पाळणा तुटून मेला. त्यानंतर तेहतीस वर्षं तिने एका खाणावळीत एकोणीस कामगारांचं दोन वेळचं रांधलं आणि त्यांच्या मोज्यांना रफू केलं. लग्न झालं ते पंचेचाळिसाव्या वर्षी, एमरिस प्रिचर्डशी. तो बिजवर, दमेकरी, पाटीच्या धुळीने छाती भरलेला, पण चॅपलमध्ये खालच्या सुरात गायला लागला की बाक थरथरायचे. आयुष्यात पहिल्यांदा नेस्टाने स्वतःच्या म्हणाव्या अशा दाराची कडी आतून लावली. एमरिस गेला तो बासष्टच्या हिवाळ्यात. जाताना घर तिला दिलं, पण तिच्या हयातीपुरतं. आता ती त्रेसष्ट वर्षांची होती आणि परत कुणाच्या खाणावळीत एका खोलीत जाऊन राहायचं तिच्या मनात नव्हतं. एवढंच तिचं म्हणणं. घर मोठं नव्हतं, सुंदर तर नव्हतंच. पण कडी आतून लागायची.

वकील लूमिस हार्डवेअरच्या दुकानावर बसायचा. कुठलंही वाक्य तो दोन हात तराजूसारखे धरून बोलायचा.

“एकीकडे बघितलं, मिसेस प्रिचर्ड,” डावा हात खाली, “तर घर तुमचं आहे. दुसरीकडे बघितलं,” उजवा हात खाली, “तर नाही.”

“तिसरीकडून बघा.”

“हयातीपुरता हक्क म्हणजे असं की वापरा, राहा, पीक घ्या. पण पुढच्याला मिळायचं ते जसंच्या तसं मिळालं पाहिजे. तोडलंत, खणलंत, तर नासाडी.”

“आणि हात न लावता पडू दिलं तर?”

“तीही नासाडी. गप्प बसून केलेली.”

“आणि पडलेलं उचलून आधीपेक्षा चांगलं केलं तर?”

लूमिसने दोन्ही हात टेबलावर ठेवले. “एका अर्थी तीही.”

“मग मी करायचं काय, मिस्टर लूमिस? श्वास घेऊ?”

“श्वासाला कुणाची हरकत नसावी,” लूमिस म्हणाला, आणि तो थट्टा करत नव्हता.

मग त्याने चष्मा पुसला. “खाणीचं म्हणाल तर, दुरुस्तीपुरता दगड घेता येतो असं काही न्यायाधीश मानतात, काही नाही मानत. त्यावर मी तुमचं घर पणाला लावणार नाही. पण एक पक्की वाट आहे. मालकाने स्वतः, मालक असताना, खाण उघडून दगड काढला असेल, तर ती उघडी खाण. मग त्याच्या मागे जो राहतो त्यालाही ती चालवता येते. मध्ये पाणी भरलं, गवत उगवलं, हरकत नाही. उघडी ती उघडी. मात्र नवी उघडायची नाही.” तो पुढे झुकला. “तुमच्या मिस्टरांनी एकतिसात जमीन विकत घेतली, तेव्हा खाण बंदच होती. त्यानंतर त्यांनी तिथून दगड काढला होता का? थोडासा? गाडीभर?”

नेस्टाने मांडीवरच्या पर्सचा चाप उघडला, मिटला, उघडला.

“नाही,” ती म्हणाली.

“विचार करा.”

“केला. नाही.”

“मग अवघड आहे. वेंडलसाहेबांनी पत्रात नेमकं तेच लिहिलंय. वडिलांनी खाणीला कधी हात लावला नाही म्हणून.” त्याने पुन्हा हात तराजूसारखे धरले, पण या वेळी दोन्ही खालीच गेले.

पायऱ्या उतरताना ती स्वतःवर इतकी चिडली होती की शेवटची पायरी चुकली. कारण एमरिसने दगड काढला होता. चांगला छप्परभर काढला होता. आणि हे जगात फक्त तिला माहीत होतं.

गोष्ट अशी. अडतिसाच्या वादळात गोठ्याला लागून असलेल्या दुधाच्या खोलीचं छप्पर उडालं. एमरिसने नवीन घातलं आणि चॅपलच्या दारात उभं राहून सगळ्यांना सांगितलं, की पाट्या मोठ्या खाणीतल्या आहेत, विकत घेतलेल्या, कधीही रंग न सोडणाऱ्या हिरव्या. “कयामतीच्या दिवशी देवदूत वरून बघतील ना, तेव्हाही हाच हिरवा!” आता या खोऱ्यात बाहेरच्या माणसाला सगळा हिरवा दगड सारखाच दिसतो. खाणीच्या माणसाला नाही. एक हिरवा जन्मभर हिरवा राहतो, तो पहिल्या प्रतीचा. दुसरा हिरवा छपरावर चढला की काही वर्षांत मातकट, तपकिरी व्हायला लागतो. टिकतो तोही तेवढाच, पण त्याला मान नाही. एमरिसने तीस वर्षं कंपनीसाठी पहिल्या प्रतीचा दगड काढला आणि आयुष्याची कमाई घालून स्वतः घेतली ती खाण निघाली दुसऱ्या प्रतीची.

लग्नानंतरच्या पहिल्याच वसंतात नेस्टाने कपडे वाळत घालताना मान वर केली आणि विचारलं होतं, “एमरिस, दुधाच्या खोलीचं छप्पर तपकिरी दिसतंय रे.”

“धूर,” एमरिस म्हणाला.

“दुधाच्या खोलीला चूल नाही.”

“शेजारचा.”

शेजारचं घर मैलभर लांब होतं. नेस्टाने त्याच्याकडे बघितलं. त्याचे कान लाल झाले होते. तिने पावाची थाळी त्याच्यापुढे सरकवली आणि तो विषय तिथेच पुरला. वर मातीही घातली. कपड्यांची दोरी तिने रस्ता आणि दुधाची खोली यांच्या मधोमध बांधली, चादरी नेहमी त्याच बाजूला. रविवारी चॅपलचे लोक चहाला यायचे तेव्हा दोरीवर काही घालायची सोय नव्हती, कारण रविवारी काम म्हणजे पाप, म्हणून ती त्यांना समोरच्या वाटेने न आणता मागून आणायची, डबक्यातून, रविवारच्या बुटांसकट. एमरिस जाईपर्यंत, आणि नंतरही.

आणि आता हे सगळं लूमिसच्या टेबलावर ओतायचं? न्यायाधीशासमोर म्हणायचं, की माझा नवरा खोटं बोलत होता, ते बघा, वर तपकिरी? त्या माणसाने जाताना गाणं सोडलं, चालणं सोडलं, श्वासही शेवटी अर्धाच घ्यायचा, पण त्या छपराची बढाई सोडली नव्हती.

गुरुवारी इडवल रोलंड्स आला. तिच्याच वयाचा, शाळेतला सोबती, खाणीतला निवृत्त पाटीकार. या खोऱ्यात नावं मोजकी. प्रिचर्ड नऊ, रॉबर्ट्स चौदा, विल्यम्स कुणी मोजलेच नव्हते. म्हणून ज्याला त्याला टोपणनाव. इडवल खिळा, कारण त्याच्या ओठात कायम दोन तांब्याचे खिळे असायचे आणि तो त्यांच्या फटीतून बोलायचा. प्रत्येक गोष्ट दोनदा बोलायचा, एकदा खिळ्यांसकट आणि एकदा खिळे काढून.

खाणीच्या काठावर त्याने चिऱ्यावरचं ओलं गोणपाट बाजूला केलं. दगड वाळला तर नीट फाटत नाही, म्हणून तो चिऱ्याला तान्ह्या मुलासारखा झाकून ठेवायचा.

“झाकून टाक परत,” नेस्टा म्हणाली. “काम बंद.”

“म्हंहं?”

“वेंडल शनिवारी येतोय कागद घेऊन. खाणीला हात लावणार नाही, पडवी पाडून देईन, छप्पर बाहेरून पाट्या आणून शाकारीन, असं सगळं लिहून द्यायचं. नाहीतर कोर्ट.”

“अन् लूमिफ?” इडवलने खिळे काढले. “आणि लूमिस काय म्हणतो?”

तिने सांगितलं. उघडी खाण, बंद खाण, सगळं. सांगताना छिन्नी उचलली, खाली ठेवली, पुन्हा उचलली.

इडवल ऐकत राहिला. मग म्हणाला, “मग दुधाच्या खोलीचं छप्पर दाखव की त्याला.”

नेस्टाने छिन्नी घट्ट धरली. मग हळूच, “त्याला काय झालं?”

“अगं, काय झालं काय? तपकिरी झालंय ते. एमरिसने इथलाच दगड घातला ना त्यावर.”

“तुला कुणी सांगितलं?”

“सांगायला कशाला हवं? छप्पर आहे ते. वरच असतं. दिसतं.”

“तुला माहीत होतं?”

“सगळ्यांनाच माहीत होतं. अडतिसातच! पाट्या घातल्या त्याच रविवारी. अगं, आम्ही पाट्या फाडून पोट भरलेली माणसं. मला ओला दगड दाखव, मी सांगतो कुठल्या खाणीतला ते. खाणीतला कुठला कोपरा तेही सांगतो.”

“आणि कुणी बोललं नाही?”

हे ऐकून इडवलला जरा धक्काच बसला. “माणसाच्या छपराबद्दल त्याच्या तोंडावर बोलतात का कुणी?”

“त्याला सगळे सदाहिरवा म्हणायचे,” नेस्टा म्हणाली. तिचा आवाज वर वर चढायला लागला. “सदाहिरवा एमरिस! चॅपलमध्ये, दुकानात, त्याच्या मयतीला म्हणत होते! त्याला किती अभिमान होता त्या नावाचा!”

“हो ना,” इडवल म्हणाला. “म्हणून तर कुणी बदललं नाही.”

नेस्टाने छिन्नी खाणीच्या पाण्यात भिरकावली. ही तिने आयुष्यात टाकून दिलेली पहिली वस्तू. लगेच तिला तिचं वाईट वाटलं, आणि त्याचाही राग आला.

“अठरा वर्षं! अठरा वर्षं मी चादरी टांगल्या तिथे, इडवल! पावसात टांगल्या! मिसेस ओवेनला त्या डबक्यातून आणली, तिचा पाय मुरगळला!”

“आम्हाला वाटायचं, तुला डबकं आवडतं.”

“आवडतं?”

“म्हणजे दाखवायला आवडतं. बायकांचं काही सांगता येत नाही.” त्याने घाईघाईने खिळे परत तोंडात घातले. “छिन्नी माफी होती.”

“काय?”

त्याने खिळे काढले. “छिन्नी माझी होती.”

शनिवारी वेंडल आला. करड्या गाडीतून, करड्या टोपीत, कातडी पिशवी घेऊन. चाळीस वर्षांचा, बापासारखेच मोठे कान, पण त्याच्याकडे ते कापड बेतताना चुकून उरलेल्या तुकड्यांसारखे वाटायचे. नेस्टाने त्याच्यापुढे तव्यावरच्या मनुकांच्या गरम चकत्या ठेवल्या. त्याने एक खाल्ली, बोटं रुमालाला पुसली आणि कागद काढला.

“नेस्टा, हे मी आनंदाने करत नाहीये.”

“दिसतंय.”

“वडिलांचं घर आहे. मला ते होतं तसं हवं. प्रत्येक वेळी येतो तर काहीतरी बदललेलं असतं. आधी पडवी. मग खाण. तुम्हाला हयातीपुरतं दिलंय, त्याचा अर्थ…”

“अर्थ लूमिसने दोन्ही हातांनी सांगितलाय. मला एक सांग. दुधाच्या खोलीच्या पाट्या कुठल्या?”

वेंडलचा चेहरा एकदम सैल झाला. कचेरीचा माणूस गळून पडला, आणि जो बोलला त्याच्या आवाजात एमरिस होता, चॅपलच्या दारातला, छाती फुगवलेला. “मोठ्या खाणीतल्या. कधी रंग न सोडणाऱ्या. बाबांनी विकत आणल्या. मी चौदा वर्षांचा होतो, आठवडाभर मावशीकडे शाळेला असायचो. शनिवारी आलो तर अंगणात रास रचलेली. शिडी मी धरली होती. बाबा म्हणाले, कयामतीच्या दिवशी…”

“देवदूत. माहीत आहे. सन कुठलं?”

“अडतीस.”

“नक्की? लिहून देशील?”

“दिलंच आहे. या कागदाचं दुसरं पान. या खाणीतला दगड बाबा कोंबड्यांच्या खुराड्यालासुद्धा लावणार नाहीत, असं ते स्वतः म्हणायचे.”

“चल मग,” नेस्टा म्हणाली. “शिडी परत धरायची नाहीये. या वेळी चढायचंय.”

कपड्यांची दोरी इडवलने सकाळीच सोडून ठेवली होती. इडवल शिडी लावून उभा होता, हातात पाटी उपसायचं लांब चपटं हत्यार. वेंडलने टोपी नेस्टाच्या हातात दिली आणि वर गेला. वर जाऊन तो थांबला. खालून फक्त त्याच्या बुटांचे तळवे आणि दोन कान दिसत होते.

“काय दिसतंय?” नेस्टाने विचारलं.

 मग वरून आवाज आला, “धूर.”

“काय?”

“धुराने झालं असेल.”

“दुधाच्या खोलीला चूल नाही.”

“शेजारचा.”

नेस्टाने टोपी छातीशी घट्ट धरली. तिला हसू आलं होतं की रडू, ते तिलाही ठरवता येईना, आणि तेवढ्यासाठीही ती चिडली.

“इडवल,” ती म्हणाली, “काढून दे त्याला एक.”

इडवल बाजूच्या शिडीवरून चढला, हत्यार पाटीखाली घातलं, खिळे तोडले आणि पाटी ओढून वेंडलच्या हातात दिली. पाटीचा खालचा तिसरा हिस्सा, जो उन्हापावसात उघडा होता, तो मातकट तपकिरी. वरचा, जो सव्वीस वर्षं दुसऱ्या पाट्यांखाली झाकलेला होता, तो खाणीच्या काठावर गोणपाटाखाली ठेवलेल्या चिऱ्यासारखा करडा हिरवा. मधली रेघ पट्टीने आखल्यासारखी.

वेंडल खाली आला. पाटी घेऊन तो न सांगता खाणीकडे चालत गेला, चिऱ्यावरचं गोणपाट उचललं आणि पाटीचा हिरवा भाग चिऱ्याला टेकवून बघितला. तो विम्याचा माणूस होता, पण जन्मला खोऱ्यात होता. परत आला तेव्हा त्याच्या बुटांना डबक्यातला चिखल लागला होता.

“तुम्हाला कधीपासून माहीत?”

“लग्नानंतरच्या पहिल्या वसंतापासून.”

“आणि तुम्ही मला सांगितलं नाहीत? मी ही अशी पत्रं पाठवतोय, आणि तुम्ही…”

“त्याचे कान लाल झाले होते, वेंडल. तू सांगितलं असतंस?”

वेंडलने पाटी उलटी केली, सुलटी केली. “नाही,” तो म्हणाला. मग कागद चौकोनी घडी घालून पिशवीत टाकला. “खाण उघडी होती. मालकाने उघडलेली. ठीक आहे. तुमच्या छपरासाठी तुम्ही दगड घ्या. मी हरकत घेणार नाही.”

“लिहून दे.”

“पत्र पाठवतो.”

“पत्र नको!” हे इतक्या जोरात आलं की कोंबड्या पळाल्या. “तुझी पत्रं पुरे. इथे लिही.” तिने इडवलच्या तोंडातला एक खिळा उपसून घेतला, फ्रॉकला पुसला आणि काम थांबायच्या आधी फाडलेल्या ताज्या पाट्यांपैकी एक वेंडलपुढे धरली. पाटीकार पाटीच्या खालच्या बाजूला नाव कोरायचे, ते खोऱ्यात नवीन नव्हतं. “लिही. एमरिस प्रिचर्डने उघडलेल्या खाणीतला दगड. पाहिला. सही. तारीख. ही मी स्वयंपाकघराच्या छपरावर खाली तोंड करून ठोकणार. घर तुझं होईल तेव्हा काढून वाच.”

वेंडल गुडघे टेकून बसला आणि किर्र किर्र करत लिहायला लागला. “उपरोक्त” लिहायला घेतलं होतं, तिने त्याच्या मनगटावर टिचकी मारली. लिहिता लिहिता तो मान वर न करता म्हणाला, “हे बाहेर जायला नको, नेस्टा. बाबांचं नाव आहे इथे.”

नेस्टाने इडवलकडे पाहिलं. इडवलने खाणीच्या पाण्याकडे पाहिलं.

“अजून लोक त्यांना सदाहिरवा म्हणतात,” वेंडल म्हणाला. “परवा पेट्रोल भरताना एकजण म्हणाला. सदाहिरव्याचा पोरगा ना तू, म्हणून. मला इतकं बरं वाटलं.”

उरलेला खिळा इडवलने गिळला की काय, असा आवाज झाला.

अठरा वर्षांचं ओझं दोन दिवसांपूर्वी खांद्यावरून उतरलं होतं. नेस्टाला ते परत चढताना जाणवलं, आधीच्यापेक्षा जड, कारण आता ते सगळ्या खोऱ्याला माहीत असलेलं गुपित एका माणसापासून लपवायचं होतं.

“हो,” ती म्हणाली. “म्हणतात. नाही जाणार बाहेर.” आणि इडवलला, दात आवळून, “दोरी कुठे ठेवलीस?”

लूमिसने पुढच्या आठवड्यात कळवलं की एकीकडे अभिनंदन. पण त्या शनिवारी वेंडल निघताना पडवीपाशी थांबला. काचांमधून आत ऊन पडलं होतं. त्याने चौकट ठोकून बघितली.

“चांगली केलीय,” तो म्हणाला. “पण मूळची नाही. सदर पडवीबद्दल मी आपणांस स्वतंत्रपणे लिहीन.”

नेस्टा आत गेली, किटली चढवली आणि निघायच्या आधी घोटभर घेऊन जा म्हणून त्याला चहा दिला. दुसऱ्या जन्मातला.